भूत जोलोकियाचं बी रुजायला महिना का लागतो? जहाल मिरची घरी लावण्याआधी हे वाचा

ऑनलाइन दहा-वीस बियांचं पाकीट मागवायचं, कुंडीत पेरायचं, रोज पाणी घालायचं आणि पंधरा दिवसांनी ‘बी खोटं निघालं’ म्हणत माती ओतून टाकायची. भूत जोलोकिया घरी लावणाऱ्या अनेकांचं असंच होतं. पण त्या मातीतलं बरंचसं बी जिवंत असू शकतं. ते फक्त नेहमीच्या मिरचीइतक्या लवकर उगवत नाही.

ही मिरची वेगळी कशी?

आपली ब्याडगी, संकेश्वरी किंवा बाजारातली साधी हिरवी मिरची ‘कॅप्सिकम ॲन्युअम’ या प्रजातीची. भूत जोलोकिया मुख्यतः ‘कॅप्सिकम चायनेन्स’ या प्रजातीची. व्हिएन्नातले वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाउस फॉन जॅकिन यांनी १७७६ मध्ये ती चीनची समजून हे नाव दिलं. तिचं मूळ मात्र दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्याकडचं.

भारतात ती रुजली ईशान्येत. आसामी भाषेत ‘जोलोकिया’ म्हणजे मिरची. हिलाच नागालँडमध्ये राजा मिरचा आणि मणिपूरमध्ये उमोरोक म्हणतात. २००७ मध्ये गिनीज बुकने तिला जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं. तेव्हा तिचा तिखटपणा १०,०१,३०४ स्कोव्हिल नोंदवला गेला होता. पिझ्झावरची हालापेन्यो साधारण २,५०० ते ८,००० स्कोव्हिलची असते. पुढे भूत जोलोकियाचा विक्रम मोडला आणि २०२३ पासून तो मान ‘पेपर एक्स’कडे आहे. नागालँडच्या मिरचीला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला.

बी उशिरा का उगवतं?

या प्रजातीला उबदार आणि दमट हवा लागते. मातीचं तापमान २७ ते ३० अंश असेल तर बी चांगलं रुजतं. साधी मिरची अशा मातीत आठ-दहा दिवसांत वर येते. भूत जोलोकियाला दोन ते पाच आठवडे लागतात. एकाच पाकिटातलं एक बी बाराव्या दिवशी उगवतं, तर दुसरं चाळिसाव्या दिवशी.

माती २० अंशांच्या आसपास असेल तर बी जवळजवळ थांबूनच राहतं. त्यात ‘उगवत नाही’ म्हणून आपण पाणी वाढवतो. थंड आणि चिकचिकीत मातीत बुरशी लागते आणि बी कुजतं. म्हणजे बऱ्याचदा बी खराब नसतं, थंडी आणि जास्तीचं पाणी त्याला मारतं.

पेरायचं कसं?

१. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा.
२. कोकोपीट आणि थोडं गांडूळखत यांचं भुसभुशीत मिश्रण ट्रेमध्ये किंवा तळाला भोकं पाडलेल्या कागदी कपात भरा. बागेतली चिकट माती टाळा.
३. बी जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल ठेवा.
४. पाणी ओतू नका, फवारा. मिश्रण पिळलेल्या फडक्याइतकं ओलं पुरे.
५. वर पारदर्शक झाकण ठेवा आणि ट्रे घरातल्या उबदार जागी ठेवा. दिवसातून एकदा झाकण उघडून हवा खेळू द्या.
६. कोंब दिसताच झाकण काढा आणि भरपूर उजेड द्या. उजेड कमी पडला तर रोप लांबट होतं. ओल जास्त झाली तर ते बुडाशी कोलमडतं.
७. सहा आठवडे होईपर्यंत माती उकरून पाहू नका.

महाराष्ट्रात कधी पेरायचं?

फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये पेरणं सोयीचं. तेव्हा माती आपोआप तापलेली असते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात रोपं लहान असतात, त्यांना शेडनेटखाली ठेवता येतं. जूनमध्ये ती बारा इंची कुंडीत लावली की फुलं येण्याचा काळ उन्हाळ्यानंतर येतो.

हे महत्त्वाचं आहे, कारण दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रीही उकाडा राहिला की फुलं गळतात. ईशान्येत ही मिरची अनेकदा परसात, झाडांच्या विरळ सावलीत वाढते. आपल्याकडेही तिला सकाळचं ऊन आणि दुपारी सावली मानवते. युरियासारखं नत्रयुक्त खत जास्त झालं तर नुसती पानं वाढतात. पानं आकसून वळायला लागली, तर तो चुरडा-मुरडा असू शकतो. तो पसरवणारे फुलकिडे आणि पांढरी माशी पानांच्या मागे शोधा.

पेरणीपासून पहिली लाल मिरची हाती यायला सहा-सात महिने धरून चाला.

वाण खरं की खोटं?

बी पाहून ते कळत नाही. फुलं आल्यावर मात्र अंदाज येतो. साध्या मिरचीला एका पेरावर बहुधा एकच फूल येतं, चायनेन्सला दोन किंवा जास्त. भूत जोलोकियाचं फळ खडबडीत, सुरकुतलेलं आणि टोकाकडे निमुळतं असतं.

पुढच्या वर्षासाठी बी धरायचं असेल तर आणखी एक काळजी घ्या. मिरचीत मधमाश्यांमुळे परपरागीभवन होतं. शेजारच्या कुंडीत साधी मिरची असेल तर त्या बियांतून मिश्र रोपं निघू शकतात. म्हणून काही कळ्यांवर उमलण्याआधीच पातळ कापडी पिशवी बांधा. आत फूल उमललं की फांदी हलकेच हलवा. फळ धरल्यावर पिशवी काढा आणि देठाला दोरा बांधून खूण करा.

बी काढताना हातमोजे घाला

तिखटपणा बियांत तयार होत नाही. तो आतल्या पांढऱ्या शिरेत तयार होतो आणि अतिजहाल वाणांत फळाच्या आतल्या भिंतीवरही. बियांना तो बाहेरून लागतो. हे काम उघड्या हातांनी करू नका, डोळ्यांना हात लावू नका आणि मुलांना दूर ठेवा. हाताची आग झालीच तर नुसत्या पाण्याने ती जात नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात नीट विरघळत नाही. आधी गोडंतेल चोळा, मग साबणाने धुवा.

काढलेलं बी सावलीत वाळवून कागदी पुडीत ठेवा आणि पुडीवर तारीख लिहा. पेराल तेव्हा ट्रेवरही तारीख लिहा, म्हणजे पंधराव्या दिवशी माती ओतून टाकण्याची वेळ येणार नाही.