घर घेताना वकील कोणाचा? खरेदीआधी तपासायच्या कायदेशीर बाबी

आपल्या समाजात आज स्वतःच्या नावावर घर घेणारी बहुतेक पहिलीच पिढी आहे. आईवडील चाळीत, झोपडपट्टीत, रेल्वेच्या किंवा गिरणीच्या खोलीत राहिले. मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागली, बँकेने कर्ज दिले आणि घराचा विषय निघाला. घराचा नकाशा, किंमत, स्टेशनपासूनचे अंतर यावर महिनोन्महिने चर्चा होते. कागद मात्र एजंट सांगेल त्या दिवशी, सांगेल त्या ठिकाणी सही करून संपतात. वस्त्यांमध्ये काम करताना घराच्या फसवणुकीची जी प्रकरणे आमच्याकडे येतात, त्यांत एक गोष्ट जवळजवळ सारखीच असते. व्यवहारात वकील होता, पण तो घर घेणाऱ्याचा नव्हता.

नवीन इमारतीत बिल्डरचा वकील करारनामा तयार करतो. जुन्या घराच्या व्यवहारात एजंट 'आपला नेहमीचा माणूस' आणतो. हा माणूस कधी वकील असतो, कधी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणारा दस्तलेखक. दस्तलेखक सांगितलेला मजकूर नीट लिहून देतो, पण विकणाऱ्याला ते घर विकण्याचा हक्क आहे का, हे तपासणे त्याचे काम नाही. कर्ज असेल तर बँकेचाही वकील असतो. त्याची फी आपल्याच खिशातून जाते, पण त्याचा अहवाल बँकेसाठी असतो. बँकेची रक्कम वसूल होईल का, एवढेच तो प्रामुख्याने पाहतो. "बँकेने लोन दिलं म्हणजे कागद क्लिअर आहेत" हे वाक्य एजंटच्या तोंडी कायम असते. त्यावर विसंबून आयुष्यभराची कमाई देऊ नये. घर लाखोंचे आणि वकिलाची फी त्यापुढे किरकोळ, तरी नेमकी तीच वाचवली जाते.

वकील कसा शोधायचा?

बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही. त्यामुळे चौकशी करूनच शोध घ्यावा लागतो. त्याच भागात दोन-तीन वर्षांत घर घेतलेल्या लोकांना विचारा. गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवाला विचारा. दिवाणी न्यायालयात जमिनीचे दावे चालवणाऱ्या वकिलांना खाचखळगे चांगले माहीत असतात, कारण बिघडलेले व्यवहार शेवटी त्यांच्याच टेबलावर येतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. चळवळीतले वकील आपल्याला जवळचे असतात. अॅट्रॉसिटीचे खटले हिमतीने लढणाऱ्या वकिलाबद्दल आदर असावाच, पण त्याने मालमत्तेचे काम कधी केले नसेल तर सातबारा त्याच्यासमोर ठेवून त्यालाही अडचणीत टाकू नये. 'आपला माणूस' म्हणून काम देण्याआधी या कामातला अनुभव विचारणे यात अपमान नाही. उलट तोच वकील योग्य सहकाऱ्याचे नाव सुचवेल.

वकील स्थानिक का असावा? कारण महाराष्ट्रात प्रत्येक भागातल्या जमिनीचा इतिहास वेगळा आहे. नागपुरात प्लॉट घेताना 'आर.एल. आहे का?' हा पहिला प्रश्न असतो, म्हणजे लेआउट नियमित झाल्याचे पत्र. नवी मुंबईत बहुतेक जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली, त्यामुळे हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागते. मराठवाड्यात निजामकाळातल्या इनाम जमिनी आहेत. छत्रपती संभाजीनगर आणि पुण्याच्या कडेला गुंठेवारी आहे. मुंबईत पागडी आहे, कलेक्टर लँड आहे, झोपडपट्टी पुनर्वसनाची घरे आहेत. दादरचा निष्णात वकील नागपूरच्या कागदात चुकू शकतो.

पहिल्या भेटीत विचारायचे ते असे: सनद कधीची, या तालुक्यात अशी किती कामे केली, शोध स्वतः घेता की दुसऱ्याकडून, बिल्डरचे किंवा विक्रेत्याचे काम करता का, आणि फीमध्ये काय काय येते. शोध अहवाल, करारनाम्याचा मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजेरी, प्रत्येकाची फी वेगळी असू शकते. ती लिहून घ्या. शेवटच्या दोन प्रश्नांना उत्तर द्यायला कोणी टाळाटाळ केली तर चहा पिऊन निघावे.

शोध म्हणजे काय?

मालमत्तेचा साधारण तीस वर्षांचा इतिहास काढतात, त्याला सर्च म्हणतात. या काळात कोणाकडून कोणाकडे मालकी गेली, गहाण होते का, बोजा उतरला का, हे दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक दोन आणि महसुली नोंदी पाहून ठरते. शोधासाठी सरकारी शुल्क भरावे लागते. वकिलाच्या अहवालासोबत त्या शुल्काची पावती मागा. पावती नसेल तर शोध खरोखर घेतला की अहवाल बसल्या जागी लिहिला, हे कळायला मार्ग नाही.

काही गोष्टी तरुणांनी स्वतःही पाहाव्यात. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ, फेरफार आणि मालमत्ता पत्रक थोड्या शुल्कात मिळते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर जुने दस्त शोधता येतात. विक्रेत्याच्या नावाने दावा चालू आहे का, ते ई-कोर्ट्सवर पाहता येते. सातबाऱ्यावर फक्त मालकाचे नाव वाचून थांबू नका. खरी कहाणी 'इतर हक्क' या रकान्यात असते. बँकेचा बोजा, कुळाचे नाव, न्यायालयाचा मनाई हुकूम, सगळे तिथेच. शिवाय सातबारा हा महसुली अभिलेख आहे. मालकी शेवटी नोंदणीकृत दस्तांच्या साखळीवरून ठरते.

त्यानंतर वकील स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस देतो आणि हरकतींसाठी साधारण चौदा-पंधरा दिवस थांबतो. एजंटला ही नोटीस आवडत नाही, 'उगाच लोक जागे होतात' म्हणतो. लोक जागे व्हावेत म्हणूनच ती द्यायची असते.

सर्वात जास्त गोंधळ वारसांचा. वडील वारले, घर दोन भावांनी विकले, बहिणींची सही नाही. बौद्धांना हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू आहे आणि त्यात मुलगी मुलाइतकीच वारस आहे. लग्न झाले म्हणून तिचा हक्क संपत नाही. तोंडी 'तिने सोडलं' हे चालत नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. ते नसेल तर बहिणींना करारात विक्रेते म्हणून सामील करा. (स्त्रियांच्या हक्कांवर भाषणे देणाऱ्या घरांमध्येही हक्कसोडपत्र राखीपौर्णिमेच्या सुमारास गोड बोलून घेतले जाते, हे आम्ही पाहिले आहे.)

वतनाची जमीन

हा विषय आपल्या समाजाला दोन्ही बाजूंनी लागू होतो, म्हणून थोडा सविस्तर. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा १९५८ चा कायदा आला. वतन गेले, आणि त्या जमिनी ठरावीक रक्कम भरून घेऊन पूर्वीच्या वतनदारांना परत दिल्या गेल्या, पण नवीन अविभाज्य शर्तीवर. सातबाऱ्यावर अशी जमीन 'भोगवटादार वर्ग २' म्हणून दिसते. घरबांधणीसारख्या बिगरशेती कामासाठी तिचे हस्तांतरण करायचे तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि नजराणा लागतो. त्याशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही, आणि जमीन सरकारजमा होऊ शकते.

शहरे वाढली तशा या जमिनी सोन्याच्या झाल्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून थोड्या पैशांत कुलमुखत्यारपत्रावर अंगठे घेतले गेले, त्यावर प्लॉट पडले आणि त्यातलेच प्लॉट पुन्हा आपल्याच मुलांना विकले गेले. २०२५ च्या अखेरीस पुण्यातील मुंढव्याच्या महार वतन जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तेव्हा हा प्रश्न पेपरात आला. लहान प्लॉटचे असे व्यवहार मात्र बातमी न होता चालूच असतात. 'वर्ग २' दिसले की परवानगीचा मूळ आदेश पाहिल्याशिवाय विसारही देऊ नका. आणि तुमच्या घरात कोणी वतनी जमिनीच्या मुखत्यारपत्रावर सही मागत असेल, तर आजोबांना घेऊन आधी वकिलाकडे जा.

विसारापासून नोंदणीपर्यंत

नवीन प्रकल्पात नोंदणीकृत साठेखताशिवाय बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. रेरा कायद्याचे कलम १३ हेच सांगते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची परवानगी, मालकी अहवाल, चालू दावे आणि ताबा देण्याची तारीख दिसते. ती तारीख आणि चटई क्षेत्र करारात तेच आहे का, पाहा. पण महारेराचा नंबर म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांच्या आधारे ६५ इमारतींची महारेराकडे नोंदणी झाली. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले आणि आत राहणारी कुटुंबे हवालदिल झाली. म्हणून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र खरे आहे का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारायला वकिलाला सांगा. हा एक हेलपाटा टाळू नका.

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला कागद म्हणजे घर नावावर झाले, हा समज वस्त्यांमध्ये अजून पक्का आहे. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. मुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. झोपडपट्टी पुनर्वसनातली आणि म्हाडाच्या सोडतीतली घरे ठरावीक वर्षे विकता येत नाहीत. त्या काळात ती स्वस्तात, नोटरीवर विकली जातात, आणि मूळ लाभार्थी वारला की त्याची मुले दारात उभी राहतात. एक-दोन गुंठ्यांच्या प्लॉटला तुकडेबंदीचा कायदा आड येतो. त्याचे नियम सरकार वेळोवेळी बदलत असते, म्हणून चालू नियम वकिलाकडूनच समजून घ्या.

मुद्रांक शुल्क शहरानुसार बदलते. मुंबईत सहा टक्के, पुणे-ठाणे-नागपुरात सात टक्के. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. घर फक्त स्त्रीच्या नावाने घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पती-पत्नी दोघांच्या नावाने घेतल्यास ती मिळत नाही. आम्ही तर म्हणू, शक्य असेल तिथे घर पत्नीच्या किंवा आईच्या नावाने घ्याच. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते.

जुन्या सोसायटीत फ्लॅट घेताना जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे कन्व्हेअन्स झाले का, विचारा. झाले नसेल तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडून मानीव अभिहस्तांतरण मिळवता येते. भोगवटा प्रमाणपत्र आणि मेंटेनन्सची थकबाकीही पाहा.

आडनाव ऐकून अचानक 'कमिटीची हरकत आहे' असे उत्तर आले, तर ते तोंडी स्वीकारू नका. सभासदत्वाचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पुरेशा कारणाशिवाय सोसायटीला सभासदत्व नाकारता येत नाही. नकार लेखी मागा आणि निबंधकाकडे अपील करा. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. 'डोनेशन' या नावाने मागितले तरीही नाही.

फसवणूक झालीच तर वकिलाच्या फीअभावी गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० पासून बौद्धांचाही समावेश आहे. अर्ज तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे करायचा. सोबत जातीचा दाखला, विसारपावती, बँकेतून दिलेल्या रकमांचे पुरावे आणि व्हॉट्सअॅपवरचे संदेश छापून न्यावेत. मदतवाहिनी क्रमांक १५१०० आहे.