भारनियमनाचा जनरेटर आणि शेजाऱ्याचे कान (थ्रेड)

पाठीवर बांधून पाने उडवणारी पेट्रोलवरची ‘लीफ ब्लोअर’ यंत्रे अमेरिकेत अर्धशतकापासून वादाचा विषय आहेत. कॅलिफोर्नियातील कार्मेल या छोट्या शहराने १९७५ मध्येच त्यांच्या वापरावर बंदी घातली. कापूस-सोयाबीनवर औषध मारणाऱ्या पेट्रोल फवारणी पंपाचे हे यंत्र सख्खे भावंड.

नांदेड-लातुरात रस्त्यावरची पाने अजून बहुतांशी खराट्यानेच गोळा होतात. मात्र दारात धडधडणारे लहान इंजिन म्हणजे काय, हे या शहरांनी भारनियमनाच्या काळात पुरते अनुभवले आहे.

२००५ च्या सुमारास राज्यात विजेची तूट तीव्र झाली. महावितरणने फीडरांची वर्गवारी गळती आणि वसुलीवरून केली. जेथे गळती अधिक, तेथे अंधार अधिक. वक्तशीर बिल भरणाऱ्यालाही शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा मिळे! मराठवाड्याच्या वाट्याला त्यामुळे दीर्घ भारनियमन आले.

नांदेडचे वजिराबाद असो वा लातूरची गंजगोलाई, वीज गेली की दुकानांच्या पायऱ्यांवर जनरेटर सुरू होत. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवण्याची युक्ती सर्वांना ठाऊक होती. त्याचा निळसर धूर वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत शिरे. आणि ‘लातूर पॅटर्न’च्या या शहरात अशा खोल्यांत अनेकदा परीक्षार्थीच राहत.

तोवर कायदा नव्हता असे नाही. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी १९८० च्या दशकात ध्वनिप्रदूषणाविरुद्ध न्यायालयीन लढा उभारला होता. पुढे २००० मध्ये केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले. निवासी भागासाठी मर्यादा ठरली दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल.

पण ही मर्यादा परिसराची, यंत्राची नव्हे. ती मोडली हे सिद्ध करण्यासाठी तक्रार हवी, पोलीस हवेत, मापक हवे. पोलीस येईपर्यंत इंजिन बंद! शिवाय तक्रार करायची कोणाविरुद्ध, तर ज्याच्याकडून रोज किराणा घ्यायचा त्याच्याविरुद्ध. ध्वनिनियमांच्या इतिहासात या संकोचाला फार कमी जागा मिळाली आहे.

दुसरी वाट अधिक शहाणपणाची होती. मे २००२ च्या अधिसूचनेने डिझेल जनरेटरसाठी एक मीटर अंतरावर ७५ डेसिबलची मर्यादा घातली आणि आवाज अडवणारे आवरण उत्पादनाच्या वेळीच बसवण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली. पेट्रोल-रॉकेलच्या जनरेटरांसाठीही ध्वनिमर्यादा आखली गेली. शेजाऱ्याला भांडावे लागू नये, यंत्रच शांत जन्माला यावे, ही त्यामागची दृष्टी.

अर्थात गल्ल्या शांत झाल्या त्याचे सारे श्रेय अधिसूचनांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. जुनी यंत्रे तशीच धडधडत राहिली. त्यांना खरे गप्प केले ते सुधारलेल्या वीजपुरवठ्याने आणि जिन्याखाली येऊन बसलेल्या इन्व्हर्टरने.

कॅलिफोर्नियानेही अखेर उगमाकडेच मोर्चा वळवला. २०२१ च्या कायद्याने ब्लोअरसारख्या यंत्रांच्या नव्या पेट्रोल इंजिनांची विक्री २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद करण्याची दिशा घेतली. आपल्याकडच्या त्या अधिसूचना मात्र जनरेटरपुरत्याच आहेत. ब्लोअर त्यांत बसत नाही.

खराट्याचे गोडवे गातानाही सावध असावे. गोळा केलेला पाचोळा जाळला तर आवाज नाही, पण धूर आहेच. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत लातूरचे नाव आहे.

उद्या सफाईसाठी ब्लोअर घ्यायचे ठरले, तर ते बॅटरीवरचे असावे आणि आवाज अमुक डेसिबलच्या आत असावा, ही अट नांदेड-वाघाळा आणि लातूर या दोन्ही महापालिका आपल्या निविदेतच घालू शकतात.