खलाशांचे शब्द, साहेबाचा कोश

एका इंग्रजी सागरी कादंबरीचा अनुवाद करताना मी पहिल्याच प्रकरणात ‘बोसन’पाशी अडले. डेकवरच्या खलाशांचा हा मुकादम. ‘नाविकप्रमुख’ असं काहीतरी लिहून पुढे गेले आणि आठवड्याने ते खोडून ‘सारंग’ लिहिलं. शब्द कोकणच्या किनाऱ्यावर होताच; मी तो घडवत बसले होते.

सारंग म्हणजे मुळात फारसी ‘सरहंग’, सैन्यातला नायक. त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणूवर सुकाणी, आणि जहाजाचा कप्तान तो नाखुदा. सुकाणूचं मूळ अरबी ‘सुक्कान’, नाखुदाचं फारसी. हाच नाखुदा कोळीवाड्यात ‘नाखवा’ झाला आणि कोलकात्यात त्याच्या नावाने नाखोदा मशीद उभी राहिली. सारंगही असाच फिरला. बंगालीत तो ‘सारेंग’, शहीदुल्ला कैसर यांच्या ‘सारेंग बौ’ या कादंबरीच्या नावातला. मल्याळममध्ये बोट हाकणारा ‘स्रांक’. एका जहाजावर कोकणी, गुजराती, बंगाली, मलबारी माणसं एकत्र राबत. शीड वेळेवर उतरवायचं, तर सगळ्यांना एकच शब्द कळायला हवा. ही परिभाषा त्या गरजेतून आली.

ती पुस्तकात आली १८११ साली. थॉमस रोबक या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्तानी नाविक कोश छापला. पुढे १८८२ मध्ये जॉर्ज स्मॉल यांनी तो सुधारून लंडनहून ‘लश्करी’ कोश म्हणून काढला. त्यातल्या ‘गावी’ आणि ‘तिरकट’ या शिडांच्या नावांत पोर्तुगीज ऐकू येते. कोश मोलाचा आहे, पण त्याचा ओघ एकाच दिशेचा: इंग्रजीकडून हिंदुस्तानीकडे. साहेबाला हुकूम देता यावा, ही त्यामागची निकड. खलाशाच्या तोंडचा शब्द हाती असेल आणि अर्थ हवा असेल, तर कोश उलटा वाचावा लागतो. मी तो तसाच वाचते.

वाफेची जहाजं आली तेव्हा नवी यंत्रं आली, तरी शब्दांसाठी कोणी थांबलं नाही. मराठीने आग आणि बोट जोडून ‘आगबोट’ केली. भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला, कोळसा ओढून आणणारा कोयलावाला, यंत्रांना तेल घालणारा तेलवाला, ‘डाँकी’ म्हणजे दुय्यम बॉयलर सांभाळणारा डाँकीवाला. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या आगबोटींवर डेकवर बरेचसे रत्नागिरीकडचे, खाली भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण, जेवणघरात गोव्याचे. बॉयलरपाशी उभ्या माणसाला काय म्हणायचं, हे त्यांनीच ठरवलं.

एक शब्द मात्र त्यांच्या हातात राहिला नाही. फारसी ‘लश्कर’ म्हणजे सैन्य. पोर्तुगिजांमार्फत तो इंग्रजीत ‘लास्कर’ झाला आणि त्याचा अर्थ हिंदी किंवा आशियाई खलाशी असा ठरला. पुढे तो कायद्यात शिरला. १८२३ च्या ब्रिटिश कायद्याने सांगितलं की लास्कर कंपनीच्या मुलखात जन्मला असला, तरी त्याला ब्रिटिश खलाशी मानायचं नाही. लास्करांची करारपत्रं वेगळी, पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी, झोपायची जागाही अपुरी. वादळ मात्र दोघांना सारखंच.

म्हणून दुसरी अडचण पहिलीहून अवघड होती. ‘लास्कर’चं मराठी काय करायचं? ‘लष्कर’ लिहिलं तर वाचकाला सैन्य दिसेल. ‘खलाशी’ लिहिलं तर वाक्य सरळ होतं. पण इंग्रजीने दोन माणसांत ओढलेली रेघ माझ्या मराठीत पुसली जाते. ती रेघ पुसणं अनुवादकाच्या चांगुलपणाचं लक्षण वाटेल. पण त्या माणसाला कमी पगार का मिळाला, हे मग वाचकाला कळणार नाही.

मी ‘सारंग’ ठेवला, तळटीपेशिवाय. तो आपलाच आहे. ‘लास्कर’ही ठेवला, तोही तळटीपेशिवाय, पण गोऱ्यांच्या तोंडी आणि करारपत्रांच्या मजकुरात. डेकवर ती माणसं एकमेकांशी बोलतात, तिथे ती खलाशीच आहेत.