नागपूरचा मुलगा, इंदूरचा कर्नल

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये सी. के. नायडू मार्ग आहे. कॉलेजच्या दिवसांत मी त्या रस्त्यावरून शेकडो वेळा सायकल हाणली. हे नायडू म्हणजे जुन्या मध्य प्रांतातले कुणी मंत्री किंवा न्यायमूर्ती असावेत, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. सिव्हिल लाइन्समधल्या रस्त्याला क्रिकेटपटूचं नाव असेल, हे डोक्यातच आलं नाही. पुढे नोकरीसाठी पुण्याला आलो, आणि दूर गेल्यावर जसं आपल्या गावाविषयी वाचावंसं वाटतं तसं वाचताना हा माणूस मला भेटला.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५चा, नागपूरचा. घर तेलुगू. शाळा हिस्लॉप कॉलेजिएट हायस्कूल. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचं नाव लावणारी ही शाळा, आणि त्याच नावाचं कॉलेज १८८३पासूनचं. या मिशनच्या शाळेत नायडूंचं क्रिकेट सुरू झालं. आजच्यासारख्या अकादमी, निवड चाचण्या, वयोगटांचे संघ असं काहीच नव्हतं. खेळणाऱ्या मुलाला शाळेचं मैदान होतं आणि तेवढंच होतं. शाळा सुटली की खेळही सुटायचा, बहुतेकांचा.

नायडूंचा सुटला नाही. १९१६ साली ते मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंच्या संघाकडून युरोपियनांविरुद्ध उतरले. नवव्या क्रमांकावर आले, तीन चेंडू तटवले आणि चौथा सीमेपार भिरकावला, असं सांगतात. पुढची सगळी कारकीर्द त्या चौथ्या चेंडूसारखीच गेली.

१९२३ साली इंदूरच्या होळकरांनी त्यांना बोलावून घेतलं आणि आपल्या फौजेत हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले आणि 'कर्नल सी. के.' हीच ओळख राहिली. नागपूर तेव्हा इंग्रजांच्या थेट अमलाखालचं प्रांताचं ठिकाण होतं. इथे कमिशनर होते, कचेऱ्या होत्या, कापडगिरण्या होत्या, पण खेळाडूला पदरी ठेवणारा राजा नव्हता. तिकीट विकून खेळाडूचं पोट भरावं असे ते दिवस नव्हते. तेव्हा सत्ताविशीच्या नायडूंनी गाव सोडलं, यात नवल नाही.

डिसेंबर १९२६मध्ये आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ मुंबई जिमखान्यावर हिंदूंशी खेळत होता. पाहुण्यांच्या गाय अर्लने आठ षटकार ठोकले होते. उत्तरादाखल नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा केल्या, त्यांत अकरा षटकार. गोऱ्यांच्या जिमखान्यावर एक देशी माणूस त्यांचीच गोलंदाजी झोडपतो आहे, याचं त्या गर्दीला काय वाटलं असेल हे वेगळं सांगायला नको. दोन वर्षांनी भारताचं क्रिकेट नियामक मंडळ उभं राहिलं आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली.

त्या दौऱ्याचे कर्णधार खरं तर पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. महाराज स्वतः बाजूला झाले, लिंबडीकर जायबंदी होते, म्हणून कर्णधारपद नायडूंकडे आलं. हाताला दुखापत असताना त्यांनी पहिल्या डावात संघातल्या सर्वाधिक, ४० धावा केल्या. सामना १५८ धावांनी गेला. पण १९३३मध्ये विस्डेनने वर्षातल्या पाच खेळाडूंत त्यांची निवड केली. १९३६च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधारपद पुन्हा श्रीमंतांकडे, विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेलं. ज्या दरबारी व्यवस्थेने नायडूंना पोसलं, तिनेच त्यांना मागे सारलं. ओव्हलवरच्या आपल्या शेवटच्या कसोटीत त्यांनी अ‍ॅलनचा चेंडू अंगावर झेलला आणि तसंच उभं राहून ८१ धावा काढल्या. एकूण कसोट्या फक्त सात.

होळकर संघासाठी मात्र ते खेळतच राहिले. पन्नाशी गाठल्यावर, १९४५-४६च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी द्विशतक केलं आणि होळकरांना करंडक मिळाला. त्यांचे धाकटे भाऊ सी. एस. हेही नागपूरचेच, तेही होळकरांकडे. एकसष्टाव्या वर्षी सी. के. उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळत होते. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचं निधन झालं, इंदूरलाच.

हे सगळं वाचून मला अभिमान वाटला आणि पाठोपाठ जरा ओशाळल्यासारखंही झालं. त्यांच्या मोठेपणात नागपूरचा वाटा किती? जन्म, शाळा आणि एक मैदान. पुढचं सगळं दुसऱ्या गावाने केलं. भारताचा पहिला कसोटी कर्णधार १९३२ साली आमच्या गावचा होता, पण विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोचणारा पहिला खेळाडू उमेश यादव. तो नागपूरजवळच्या खापरखेड्याचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, आणि त्याची पहिली कसोटी २०११ची. मध्ये ७९ वर्षं गेली. रस्त्याला नाव देणं त्या मानाने सोपं होतं.

१ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. सामना इंदूरला होता, होळकर स्टेडियमवर. मी पुण्यात टीव्हीसमोर बसलो होतो. फैज फजलच्या हातात करंडक आला तेव्हा घरी फोन लावला. बाबा म्हणाले, "आपल्या पोरांनी केलं ना बे!" त्यांना मी सी. के. नायडूंचं सांगायला लागलो, तर म्हणाले, "तो सिव्हिल लाइन्सचा रस्ता? ते क्रिकेटवाले होते का?"

पुढच्या खेपेला नागपूरला गेलो तेव्हा बाबांना स्कूटरवर मागे बसवून त्या रस्त्यावरून फिरवून आणलं.