लेझरडिस्कचे अंकीकरण

लेझरडिस्कवरील ॲनालॉग चित्र व डिजिटल ध्वनी संगणकात एकत्र साठवण्याच्या प्रक्रियेस लेझरडिस्कचे अंकीकरण म्हणतात. ही चकती १९७८ साली अमेरिकेत विक्रीस आली. तिच्यावर ४४.१ किलोहर्ट्‌झचा डिजिटल ध्वनी ठेवण्याची सोय १९८० च्या दशकात झाली. चित्र मात्र ॲनालॉगच राहिले.

कार्यपद्धती

प्लेअरमधून येणाऱ्या चित्रसंकेताचे व्हिडिओ कॅप्चर कार्ड अंकांत रूपांतर करते. ध्वनी मुळातच डिजिटल असल्याने तो ऑप्टिकल केबलने थेट साउंड कार्डात घेतात. त्यामुळे पुनर्रूपांतराने होणारी गुणवत्तेची हानी टळते.

चित्र व ध्वनी यांचा मेळ

दोन्ही प्रवाह वेगवेगळ्या मार्गांनी येत असल्याने त्यांचा मेळ राखणे हे मुख्य आव्हान होय. यासाठी साउंड कार्ड स्वतःच्या कालसंकेताऐवजी प्लेअरच्या कालसंकेतावर चालवतात. एनटीएससी पद्धतीत सेकंदाला २९.९७ चौकटी असतात. ग्रहण करताना ३० चौकटी गळाल्या व त्यांची जागा भरली गेली नाही, तर चित्र ध्वनीच्या सुमारे एक सेकंद पुढे जाते.

महत्त्व

पायोनियर कंपनीने २००९ मध्ये प्लेअरचे उत्पादन थांबवले. शिवाय काही चकत्यांतील ॲल्युमिनियमचा परावर्तक थर कालांतराने खराब होतो. त्यामुळे अन्य माध्यमांत न आलेल्या चित्रफितींच्या जतनासाठी, सुस्थितीतील प्लेअर उपलब्ध आहेत तोवरच अंकीकरण करणे आवश्यक ठरते.