घोरपड, माळ आणि दोर वळणारा माणूस

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. ऐकताना सुटलेलं काही इथं वाचता येईल. बोलण्यातली 'अं', 'म्हणजे' तेवढी काढली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

एक प्रश्न विचारतो. सिंहगडावर चढलेल्या घोरपडीचं नाव काय? सगळ्यांना येतं. यशवंती. आता दुसरा प्रश्न. ज्या दोरावरून तीनशे माणसं वर गेली, तो दोर वळणाऱ्या माणसाचं नाव काय? शांतता.

आजचा भाग या शांततेबद्दल आहे.

४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. घोरपडीची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः पोवाड्यातून, तुळशीदास शाहिराच्या. पोवाडा म्हणजे पोवाडाच, तो ऐकताना अंगावर काटा आला पाहिजे, तिथं कोणी तळटीप मागत नाही. पण कृष्णाजी अनंत सभासदाची बखर त्या घटनेनंतर जेमतेम पंचवीसेक वर्षांनी, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत लिहिली गेली. तिच्यात घोरपड नाही. तिच्यात काय आहे, ते माझ्यासारख्या इंजिनिअर माणसाला जास्त आवडतं. चढण्यात पटाईत असे दोन मावळे निवडले. ते रात्री कडा चढून गेले, वानरासारखे. वर पोचल्यावर त्यांनी 'माळ' लावली. मग त्या माळेवरून तानाजी मालुसरे आणि बाकीचे लोक, मिळून तीनशे, वर गेले.

माळ म्हणजे दोराची शिडी. गळ्यातली नाही. एका ओळीत एकामागून एक गुंफलेल्या पायऱ्या, म्हणून माळ. ग्रँट डफनं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यातही दोराच्या शिडीचाच उल्लेख आहे. एकेक माणूस वर जायचा आणि आत गेला की जमिनीवर आडवा पडून राहायचा, दिसू नये म्हणून.

आता घोरपडीचा हिशेब करू. आपल्याकडची घोरपड फार तर काही किलोंची. ती दोरी वर नेऊ शकेल असं मानलं, तरी माणसाचं वजन तिनं नखांवर पेलायचं? आणि बरोबर जिथं हवं तिथंच जाऊन थांबायचं? (प्रयोग करायला जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घोरपडीला सगळ्यात वरच्या दर्जाचं संरक्षण आहे.) दोन माणसं आधी जातात, वर पक्कं बांधतात, मग बाकीचे येतात. आजचे गिर्यारोहकही हेच करतात. पहिला चढणारा 'लीड' आणि मागून येणारे त्याच्या दोरावर.

पण मग सगळा भार कशावर आला? दोरावर.

साधं गणित मांडू. एक मावळा, तलवार-ढाल धरून ७५ किलो. माळेवर एका वेळी तीनच माणसं आहेत असं धरलं तरी २२५ किलो. त्यात कोणाचा पाय घसरला आणि तो झटक्यानं लोंबकळला, तर तेवढ्या क्षणापुरता भार दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून आज झाडावर चढून काम करणारी माणसं एक ठोकताळा वापरतात, की जेवढं वजन पडणार त्याच्या दहापट ओझ्याला तुटणारा दोर घ्यायचा. म्हणजे सव्वादोन हजार किलो. फिलिपिन्सच्या केळवर्गीय झाडापासून बनणारा, मनिला म्हणून ओळखला जाणारा दोर नैसर्गिक धाग्यांत पहिल्या दर्जाचा समजतात. तो अंगठ्याएवढा जाड, वीस मिलिमीटरचा घेतला तर दोन हजारच्या वरचं वजन पेलतो. म्हणजे कुठं जेमतेम जमतं. आणि मावळ्यांकडे मनिला नव्हता.

मग काय होतं? इथं मी गाडी सह्याद्रीतून वऱ्हाडात आणतो, कारण हा धागा आपल्या ताटातला आहे. अंबाडी.

आपल्याला अंबाडी म्हटलं की भाजी आठवते, कण्या टाकून शिजवलेली, वर लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची भाकर. पण शेतकरी ही ज्वारीच्या, कपाशीच्या कडेनं लावायचा ती निव्वळ भाजीसाठी नाही. कोवळेपणी पानं खुडायची आणि झाड माणसाच्या डोक्याच्या वर गेलं, फुलावर आलं, की कापायचं. पेंढ्या बांधून नाल्याच्या नाहीतर डबक्याच्या पाण्यात दाबून ठेवायच्या, दोन-तीन आठवडे. पाण्यात साल सडते. म्हणजे धाग्यांना धरून ठेवणारा चिकट भाग सडतो, धागा शाबूत राहतो. हे वेळेवर काढणं महत्त्वाचं. लवकर काढली तर साल सुटत नाही आणि उशीर झाला तर धागाच कुजतो. त्या पाण्याचा वास गावभर. कंबरभर त्या पाण्यात उभं राहून साल ओढून काढायची, आपटून धुवायची, वाळवायची. जो पांढुरका-सोनेरी धागा हातात येतो तो वाख. तागाचंही असंच. (शाळेच्या पुस्तकात ताग म्हणजे बंगालचा ज्यूट असतो. आपल्याकडचा ताग तो नाही, हा पिवळ्या फुलांचा.) कोकणात नारळाचा काथ्या, माळरानावर घायपात आणि जंगलात पळसाच्या मुळ्यांचाही वाख निघतो.

आणि हे काम करायचं कोणी? बलुतेदारीत दोर वळणं मातंग समाजाकडे होतं, जुन्या कागदांत ज्यांना मांग म्हटलंय. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ साली आलं. गावाचा हा सगळा हिशेब कसा चालायचा हे समजून घ्यायला आजही ते वाचावं लागतं, त्यातली काही मतं खटकली तरी. वर्षभर लागेल तो दोर द्यायचा आणि खळ्यावर धान्य घ्यायचं. बैलाची वेसण, कासरा, गुरांचं दावं, शिंकं, मोटेचा जाड नाडा आणि तिचं तोंड ओढणारा बारीक सोंदूर. पोळ्याला बैलाच्या नाकात नवी वेसण घालायची ती याच हातांनी वळलेली.

म्हणजे बघा, मोट विहिरीतून शंभर लिटरच्या वर पाणी ओढते, बैल धावेवरून खाली जातात, आणि मधे आहे फक्त एक नाडा. तो तुटला तर मोट विहिरीत. आमच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. पण ज्याच्या नाड्यानं ते पाणी वर आलं, त्याला त्या विहिरीवर पाणी भरायला परवानगी नव्हती. दोर चालतो, माणूस चालत नाही. हे वाक्य मी दोनदा बोललो होतो, इथं एकदाच लिहितो.

भातकुलीकडची गोष्ट जरा वेगळी. हा पूर्णेचा खारपाणपट्टा. जमीन काळी, कसदार, पण खाली पाणी खारं. विहिरीचं पाणी पिकाला दिलं तर जमीनच बिघडायची, त्यामुळे मोटेवरची बागायत इथं कधी फुलली नाही. इथं दोर लागायचा तो बैलाला, बंडीला, कडबा बांधायला, आणि गोड्या पाण्याची एखादी विहीर असली तर तिच्यावर पोहऱ्याला. आणि झाडावर चढायला. सपाट मुलूख, डोंगर नाही, कडा नाही. उंच म्हणाल तर चिंच, कडुनिंब, वड. चिंचा उतरवायला, शेळ्यांना पाला तोडायला माणूस वर जाणार.

कडा बघायचा तर वर उत्तरेला, मेळघाटात. गाविलगड. १८०३. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, आजच्या अकोला जिल्ह्यात. तिथं हरल्यावर भोसल्यांच्या फौजेतले बरेच लोक गाविलगडात शिरले. ऑर्थर वेलस्ली मागोमाग आला. हाच पुढं वॉटर्लूवाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याचा सहकारी स्टीव्हनसन उत्तरेच्या बाजूनं गेला, आणि तिकडे वाट नव्हतीच. सैनिकांनी वाट करत, डोंगरातून आणि दऱ्यांमधून जड तोफा हातानं ओढत नेल्या. हातानं म्हणजे दोरानं, दुसरं काय? पुस्तकात तोफांची संख्या मिळते, कॅप्टनांची नावं मिळतात, दोराबद्दल एक ओळ मिळत नाही.

१५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून इंग्रज आत गेले आणि अडकले, कारण आत आणखी एक तट होता आणि तो अखंड. तेव्हा ९४ व्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्बेलनं आपल्या तुकडीसह त्या तटाला शिड्या लावल्या, वर चढला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोन दिवसांत, १७ डिसेंबरला, देवगावचा तह. भोसल्यांना कटकसकट मोठा मुलूख सोडावा लागला आणि वर्ध्याच्या पश्चिमेचा वऱ्हाडही गेला, तो निजामाच्या पदरात. आपल्या जिल्ह्याचा पुढच्या शंभर वर्षांचा मालक ठरला तो मूठभर माणसांनी चढलेल्या एका भिंतीवर. सिंहगडाचीच युक्ती, फक्त उलट्या बाजूनं. मला हे वाचताना अभिमान वाटावा की राग यावा ते कळत नाही. दोन्ही होतं.

पुढं इंग्रजांना आपल्या धाग्यांत खरा रस आला तो जहाजांमुळे. त्यांच्या आरमाराचा दोर बनायचा रशियाच्या हेंपपासून. १८५४ ला क्रिमियात रशियाशीच युद्ध जुंपलं आणि पुरवठ्याची पंचाईत झाली. १८५५ साली फोर्ब्ज रॉयलचं हिंदुस्थानातल्या धाग्यांच्या वनस्पतींवरचं जाडजूड पुस्तक लंडनला निघालं. ताग, अंबाडी, घायपात, कोणता दोर किती वजनाला तुटतो, सगळे आकडे. त्याआधी रॉक्सबर्गनं कलकत्त्याला असेच प्रयोग केले होते. म्हणजे गावातल्या माणसाला जे बोटांना कळायचं, त्याचा तक्ता झाला. तक्ता चांगलाच आहे, मी स्वतः एक्सेलचा माणूस. फक्त तक्त्यात धाग्याचं नाव येतं, वळणाऱ्याचं इथंही येत नाही.

आता थोडं कामाचं. दोर ताकद कुठून आणतो? पिळातून. धागे एका दिशेनं पिळायचे, त्याचा पेड होतो. असे तीन पेड एकत्र करून उलट्या दिशेनं पिळायचे. पेड सुटायला बघतात तेव्हा दोर आवळतो, आणि दोर सुटायला बघतो तेव्हा पेड आवळतात. एकमेकांना धरून ठेवतात. गोंद नाही, खिळा नाही.

गाठ मारली की हे गणित बिघडतं. गाठीत दोर तीव्र वळतो, बाहेरच्या धाग्यांवर सगळा ताण, आतले मोकळे. साध्या गाठीनं दोराची ताकद अर्ध्यावर येऊ शकते. म्हणून जिथं जीव टांगायचा तिथं गाठीऐवजी सांधा घालतात, पेडात पेड गुंफून. टोकाचे तीन पेड उलगडायचे, दोर वळवून फासा करायचा, आणि मूळ दोराचे पेड जरा सैल करून हे मोकळे पेड त्यात घुसवायचे. मधला पेड आधी, मग डावीकडचा, मग फासा उलटा करून तिसरा. प्रत्येक पेड एकाच्या वरून, पुढच्याच्या खालून, पिळाच्या विरुद्ध दिशेनं. अंबाडी, काथ्या, मनिलाला अशा तीन फेऱ्या पुरतात, कारण धागा खरखरीत असतो. नायलॉनला पाच तरी घ्या, तो गुळगुळीत, निसटतो. नीट घातलेला सांधा मूळ दोराची ताकद नव्वद टक्क्यांच्या आसपास राखतो. पाय ठेवायचे फासे, आणि फांदीला अडकवायचा वरचा फासा, हे असेच असले पाहिजेत.

आणि दुकानात मिळणारा निळा-पिवळा चकचकीत दोर? तो बहुतेक पॉलिप्रॉपिलीन. हलका, पाण्यावर तरंगतो, स्वस्त. पण ऊन खातो. आपल्या मे महिन्यात बाहेर टांगून ठेवला की वरून पांढरट भुकटी सुटायला लागते. ती दिसली की त्यावर बादली बांधा, माणूस नको. नायलॉन मजबूत, पण ताणतो. पडणाऱ्याला झेलायला ते चांगलं, पायरी म्हणून पाय ठेवला की खाली जाते. पायऱ्यांना कमी ताणणारा पॉलिएस्टर बरा. वाखाचा दोर जुना असेल तर बाहेरून बघू नका. पीळ उलटा फिरवून पेड उघडा आणि आत बघा. आत काळपट, कुबट वासाचा, किंवा नखानं धागे तुटत असतील तर तो दोर गेला, बाहेरून कितीही छान दिसो. ओला झाला की हा दोर फुगतो आणि आखडतो, म्हणून पावसाळ्यात झाडाला ताठ बांधून ठेवू नका.

सूर्याजीबद्दल विचारणार तुम्ही, माहितीय. तानाजी पडल्यावर माणसं मागं पळाली तेव्हा सूर्याजीनं त्यांना सांगितलं की दोर कापून टाकलेत. ग्रँट डफकडे हे आहे, आणि 'परतीचे दोर कापले' असं आपण अजून म्हणतो, नोकरी सोडताना पण. एका रात्रीत तीनशे माणसांना पेललेला दोर भाषेत राहिला तो कापलेला म्हणून.

पुढच्या भागात मोट. धाव, चाक, नाडा आणि मोटेवरची गाणी. तुमच्या घरी कोणी आजोबा-आजी असतील ज्यांनी अंबाडी सोलली आहे किंवा दोर वळला आहे, तर त्यांचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. दोन मिनिटं पुरे. नाव सांगायला सांगा.