गिऱ्हाईक भाषा विचारत नाही, पण...

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, "नोकरीच्या जाहिरातीत कधीच न दिसणाऱ्या भाषेत सॉफ्टवेअर बनवलं, तर ते कुणी विकत घेईल का?" उत्तरासाठी जरा मागे जाऊया.

साल १९९५. अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस यांनी 'वायावेब' सुरू केलं. ट्रेव्हर ब्लॅकवेल नंतर त्यांना येऊन मिळाला. कल्पना साधी होती: दुकानदाराने ब्राउझर उघडायचा आणि त्यातच आपलं ऑनलाइन दुकान मांडायचं. पण दुकान मांडायचा तो एडिटर लिहिला होता लिस्पमध्ये! जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये मांडलेली, कंसांनी खच्चून भरलेली ही भाषा. विद्यापीठांत, एआयच्या संशोधनात तिला मान होता. धंद्यात मात्र तिला फारसं कुणी विचारत नव्हतं.

मग दुकानदार तयार कसे झाले? अहो, त्यांना लिस्प दिसतच नव्हतं. सॉफ्टवेअर चालायचं वायावेबच्या सर्व्हरवर. दुकानदार भाडं भरायचा: लहान दुकानाला महिन्याला १०० डॉलर, मोठ्याला ३००. १९९६ च्या शेवटी ७० दुकानं होती, १९९७ च्या शेवटी साधारण ५००.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती सपोर्टची. ग्राहकाचा फोन आला की ग्रॅहम त्याच्या खात्यात शिरून तीच चूक पुन्हा घडवून बघायचा. नेमकं कुठे बिघडलंय ते लिस्प तिथल्या तिथे दाखवायचं. ग्रॅहम लिहितो की बऱ्याचदा ग्राहक फोनवर असतानाच दुरुस्ती झालेली असायची. विकली जात होती ती ही तत्परता. भाषेचं नाव कुठेच नव्हतं.

जून १९९८ मध्ये याहूने वायावेब विकत घेतलं, सुमारे ४.९ कोटी डॉलरचे शेअर देऊन. त्याचं 'याहू स्टोअर' झालं.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण २००३ मध्ये याहूने तोच एडिटर सी++ आणि पर्लमध्ये नव्याने लिहून आणला. आणि गंमत बघा, दुकानांच्या पानांचे साचे आतून लिस्पचेच होते. ते चालत राहावेत म्हणून नव्या एडिटरमध्येही लिस्प समजणारा इंटरप्रिटर लिहावा लागला, असं ग्रॅहम सांगतो.

माझ्या मते खरा धडा इथे आहे. गिऱ्हाईक भाषा विचारत नाही, हे खरं. पण त्याचं दुकान, त्याची पानं, त्याचा हिशोब त्या भाषेत अडकलेला असतो, आणि लिहिणारे निघून गेले तरी धंदा उद्या सकाळी उघडायचाच असतो. म्हणून वेगळी वाट जरूर धरा. फक्त पहिलं बिल फाडायच्या आधी ठरवा: तुम्ही नसाल तेव्हा तो फोन कोण उचलणार?

भेटू पुढच्या भागात!